फोनला चोरीविरोधी लॉक सक्तीचा केला तर चोर थांबतील का? चिपळूणच्या रिपेरिंग काउंटरवरून उत्तर

प्रश्न विचारणाऱ्या दादांचं म्हणणं थोडक्यात असं की रात्रीच्या गाडीत खेड आणि चिपळूणच्या मधे त्यांचा अँड्रॉइड फोन चार्जिंगला लावलेला होता तिथूनच गेला, फोनला पॅटर्न होता, गुगल अकाउंट होतं, तरी नेणाऱ्याने नेलाच, मग अमेरिकेत केलाय तसा चोरीविरोधी लॉक, म्हणजे फोन पुसला तरी मालकाच्या अकाउंटशिवाय वापरता न येणारा, आपल्याकडे प्रत्येक फोनला कायद्याने सक्तीचा केला तरी काय मोठा फरक पडणार? मी चिपळुणात बरीच वर्षं मोबाईल रिपेरिंग करतो, बोर्डाचं कामही करतो, लॉक पडलेले फोन रोज काउंटरवर येतात त्यामुळे ह्या विषयाची दोन्ही टोकं बघितलीयत, तर जरा सविस्तर लिहितो.

फरक पडतो. पण दादा, तुमच्या चार्जरची वायर उपसणारा माणूस त्या घडीला फोनला लॉक आहे की नाही हे बघत नाही, त्याला बघायला वेळच नसतो. कोकण रेल्वेची लाईन बहुतेक सगळी सिंगल, क्रॉसिंगला गाडी उभी राहते, डब्यात सगळे झोपलेले, खिडकी उघडी, हात आत येतो आणि फोन जातो, दोन सेकंदाचं काम. लॉकचा परिणाम होतो तो पुढे, फोन विकायला जातो तेव्हा. चोराला तो फोन वापरायचा नसतोच, विकायचा असतो, आणि घेणाऱ्याला जर माहीत असेल की हा उघडणार नाही तर भाव पडतो, इतका पडतो की पकडलं जाण्याची जोखीम परवडत नाही. म्हणजे लॉक चोरीच्या मालाचं गिऱ्हाईक तोडतो. आणि हे तेव्हाच होतं जेव्हा जवळजवळ सगळ्याच फोनला लॉक असतो. दहातले चार फोन उघडे मिळत असतील तर चोर दहाही उचलणार.

अमेरिकेचं उदाहरण सगळे देतात पण अर्धवट देतात म्हणून नीट सांगतो. ॲपलने ॲक्टिवेशन लॉक २०१३ च्या सप्टेंबरात आयओएस ७ (आयफोनची सिस्टीम) बरोबर आणला. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये २०१४ च्या पहिल्या पाच महिन्यांत आधीच्या वर्षीच्या त्याच महिन्यांच्या तुलनेत ॲपलच्या वस्तूंच्या लुटी १९ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि त्याच काळात सॅमसंगच्या ४० टक्क्यांहून जास्त वाढल्या. सॅमसंगला तेव्हा तसा लॉक सरसकट नव्हता. हा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चोर सुधारले नाहीत, त्यांनी फोन बदलला. वाडीत एकाच घरी कुत्रा असेल तर चोर शेजारच्या घरात शिरतो, सगळ्या घरी कुत्रे असले तर ती वाडीच टाळतो, तसंच हे. त्यामुळे लॉक फक्त महागड्या फोनला असेल तर चोरी गरिबाच्या फोनकडे सरकते, आणि सगळ्यांना सक्तीचा करण्याच्या बाजूने माझ्या मते हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे.

आता कायदा. मिनेसोटा राज्याने मे २०१४ मध्ये पहिला केला, कॅलिफोर्नियाने ऑगस्ट २०१४ मध्ये. दोन्हीत एक फरक आहे जो आपल्याकडे कोणी बोलत नाही. मिनेसोटाने म्हटलं फोनमध्ये अशी सोय असली पाहिजे. कॅलिफोर्नियाने म्हटलं की १ जुलै २०१५ पासून बनलेला फोन पहिल्यांदा चालू करताना त्याने स्वतःच मालकाला लॉक चालू करायला सांगायचं, नको असेल तर मालकाने बंद करावा. काउंटरवर बसणाऱ्या माणसाला विचारा ह्यात केवढा फरक आहे. सेटिंगच्या आत कुठेतरी असलेली सोय शंभरातले किती जण चालू करतात? बॉक्समधून काढल्यावर जे आपोआप चालू असतं तेच लोकांकडे कायम चालू राहतं, बाकी सगळं असून नसल्यासारखं.

आणि अजून एक गंमत नाही पण लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट, कन्झ्युमर रिपोर्ट्स ह्या तिथल्या ग्राहक मासिकाच्या अंदाजाने अमेरिकेत २०१३ मध्ये ३१ लाख फोन चोरीला गेले, २०१४ मध्ये २१ लाख. सॅन फ्रान्सिस्कोत आयफोनच्या लुटी ४० टक्क्यांनी, न्यूयॉर्कमध्ये २५ टक्क्यांनी उतरल्याचं तिथल्या सरकारी वकिलांनी फेब्रुवारी २०१५ मध्ये सांगितलं. म्हणजे ही सगळी घट कायदा लागू व्हायच्या आधीची! कंपनीने लॉक दिला, २०१४ च्या नव्या सिस्टीममध्ये तो आपोआप चालू यायला लागला, त्याचं हे काम. कायद्याचं काम एवढंच की त्याच्या धाकाने बाकीच्या कंपन्या मागोमाग आल्या. गुगलने २०१५ च्या मार्चमध्ये अँड्रॉइड ५.१ बरोबर फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन आणलं, ज्याला आम्ही सगळे एफआरपी म्हणतो आणि गिऱ्हाईक म्हणतं "रिसेट मारला तर जुना जीमेल मागतोय".

तर तुमच्या फोनला हा लॉक होताच दादा, गुगल अकाउंट आणि पॅटर्न होता म्हणजे एफआरपी चालू होतंच. मग चोराला भीती का नाही वाटली? कारण एफआरपी वर्षानुवर्षं कच्चं होतं आणि हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. आयफोनचा लॉक ॲपलच्या सर्वरवर असतो, फोन पुसला तरी चालू होताना तो सर्वरला विचारतो की माझा मालक कोण, आणि उत्तर सर्वर देतो. जुन्या अँड्रॉइडमध्ये मात्र ही खूण फोनच्याच मेमरीत एका छोट्या कप्प्यात असायची आणि तपासणी फक्त सुरुवातीच्या सेटअपच्या स्क्रीनवर व्हायची, त्यामुळे तो सेटअप कसाबसा ओलांडला किंवा बॉक्स (फोन उघडायचं रिपेरिंगचं यंत्र) जोडून तो कप्पा पुसला की फोन नव्यासारखा. अँड्रॉइड १५ पासून हे घट्ट केलंय, सेटअप चुकवून आत गेलात तरी नवीन अकाउंट टाकता येत नाही, नवीन ॲप घेता येत नाही, नवा पिन लावता येत नाही, म्हणजे फोन हातात असून वापरता येत नाही. चांगलं केलंय. पण आपल्या गावांमध्ये अँड्रॉइड १५ वरचे फोन किती आणि पाच-सहा वर्षं जुने किती हे बाजारपेठेतून एक फेरी मारलीत तरी कळेल. सक्ती नव्या फोनवर होते, जुने फोन बाजारातून जायला वर्षं लागतात, तेवढा काळ चोराला उघडा माल मिळतच राहतो.

आता आमच्याबद्दल बोलतो कारण ते बोलल्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही. चोरीचा फोन कुठल्यातरी काउंटरवर येतोच. येणारा म्हणतो "ह्यो फोन जरा उघडून दी रे, पॅटर्न इसारलंय", आणि दहातले आठ-नऊ जण खरंच विसरलेले असतात. उरलेला एखादा कोण ते चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. माझा नियम साधा आहे, बिल दाखवा, किंवा बॉक्स दाखवा आणि त्यावरचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा वेगळा नंबर) जुळवू, नाहीतर त्या जीमेलवर तुमच्याच दुसऱ्या फोनवरून लॉगिन करून दाखवा. ह्यातलं काहीच नसेल तर काम घेत नाही. गिऱ्हाईक चिडतं, शेजारच्या गल्लीत जातं, तिथे उघडून मिळतो, माझं नुकसान होतं, होऊ दे. पण खरी अडचण इथेच आहे, लॉक कितीही चांगला असला तरी तो विचारपूस न करता उघडून देणारा माणूस शहरात एक जरी असला तरी बाहेर ते सगळ्यांना ठाऊक असतं. कायदा आहे, भारतीय न्याय संहितेच्या ३१७ कलमात चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि आयएमईआयशी छेडछाड केली तर २०२३ च्या टेलिकॉम कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण लॉक उघडायच्या कामाची नोंदवही ठेवा, ओळखपत्राची झेरॉक्स घ्या, असं ह्या धंद्यात अजून सगळीकडे रुळलेलं नाही. मला विचाराल तर फोन कंपनीवर जेवढी सक्ती हवी तेवढीच आमच्या काउंटरवर हवी, मी स्वतः त्या बाजूला बसतो आणि तरी म्हणतोय.

मग जो फोन उघडतच नाही त्याचं काय होतं? तो सुटा होतो. डिस्प्लेचा फोल्डर (काच आणि स्क्रीन मिळून) निघतो, कॅमेरा, बॅटरी, बॅक पॅनल, सगळ्याला भाव आहे. महागड्या फोनचा ओरिजिनल डिस्प्ले म्हणजेच फोनच्या किमतीचा मोठा हिस्सा. ॲपलने २०२४ मध्ये आयओएस १८ पासून लॉक पार्टलाही लावायला सुरुवात केली, म्हणजे लॉक असलेल्या फोनचा कॅमेरा किंवा बॅटरी काढून दुसऱ्यात बसवली तर तो जुन्या मालकाचं अकाउंट मागतो. चोरासाठी वाईट, पण आम्हा रिपेरिंगवाल्यांनाही त्रासाचं, कारण खराब फोनमधून प्रामाणिकपणे काढलेला पार्टही कधीकधी अडतो. तरी मी त्या बाजूने आहे. आणि ह्यातून सुटून जे फोन देशाबाहेर जातात त्यांना इथलं नेटवर्क ब्लॉक (आयएमईआयवरून फोन बंद करणं) लागतच नाही. लंडनचं उदाहरण घ्या, ज्या शहरात लॉक आल्यावर चोऱ्या जवळजवळ निम्म्यावर आल्याचं सांगितलं गेलं त्याच शहरात त्या पुन्हा वाढल्या, आणि २०२५ मध्ये तिथल्या पोलिसांनी एक टोळी पकडली जिने वर्षभरात ४० हजारांपर्यंत फोन चीनला पाठवल्याचा संशय आहे. म्हणजे लॉक लावून विषय संपत नाही, चोर नवं गिऱ्हाईक शोधतो आणि मग ते गिऱ्हाईकही तोडावं लागतं.

पण मला सगळ्यात जास्त काळजी ज्याची वाटते ते वेगळंच आहे. हल्ली फोनपेक्षा सिम महाग झालंय. फोन लॉक असू दे, उघडू नये, पण सिमचा ट्रे टाचणीने निघतो. ते सिम चोर दुसऱ्या फोनमध्ये घालतो, तुमचा नंबर त्याच्या हातात, ओटीपी त्याच्या हातात, त्यावर यूपीआय ॲप पुन्हा उभं करता येतं. पिन नवा करायला डेबिट कार्डाचे शेवटचे ६ आकडे आणि एक्सपायरी लागते, किंवा आधारच्या ओटीपीवरूनही होतं. आणि आपल्याकडे लोक काय करतात? फोनच्या फ्लिप कव्हरमध्येच एटीएम कार्ड आणि आधार कार्ड खोचून ठेवतात! मुंबईहून गणपतीला येणारे चाकरमानी गाडीच्या गर्दीत पाकीट नको म्हणून मुद्दाम सगळं कव्हरमध्ये घालतात. म्हणजे एकाच हिसक्यात फोन, नंबर, कार्ड, आधार. इथे कुठलाही सक्तीचा लॉक काही करू शकत नाही.

ह्यावर उपाय फुकट आहे आणि फारच कमी लोक वापरतात, सिमला पिन. सेटिंगमध्ये सिम लॉक म्हणून असतो, तो चालू केला की सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर पिन मागतं. फक्त सुरुवातीचा पिन कंपनीप्रमाणे वेगळा असतो, तो कंपनीच्या गॅलरीत किंवा कस्टमर केअरला विचारून मगच करा, अंदाजाने आकडे मारू नका, तीनदा चुकला की पीयूके (अडकलेलं सिम उघडायचा कोड) मागतं आणि पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं मेलं. ई-सिम असेल तर ते असं काढताच येत नाही, तो प्रश्न तिथेच मिटतो. सक्ती करायचीच झाली तर नवीन सिम देतानाच पिन लावून द्या अशी करा असं मला फार मनापासून वाटतं.

लॉकची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी एकतर्फी बोलतोय असं होईल. माझ्या काउंटरवर एफआरपीमध्ये अडकलेले सगळ्यात जास्त लोक चोर नसतात, गावातले म्हातारेकोतारे असतात. मुलगा मुंबईहून आईबाबांना फोन घेऊन देतो, दुकानातला पोरगा पटकन एक जीमेल काढून देतो, पासवर्ड कोणी लिहून ठेवत नाही, रिकव्हरी नंबर दुकानदाराचा किंवा भाच्याचा, आणि वर्षभराने नातवाने गेम खेळताखेळता रिसेट मारला की आजींच्या स्वतःच्या फोनवर त्या चोर ठरतात. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर तर चिपळुणात हे फार बघितलं, घरात पाणी शिरून बिलं, बॉक्स, कागदपत्रं सगळं गेलेलं, फोन कसाबसा वाळवून चालू झाला तर मालकी दाखवायला काहीच नाही. आंब्याच्या सीझनला रत्नागिरीकडच्या बागांमध्ये राखणीला येणारे नेपाळी कामगार जुना फोन घेतात, बिल कुठून असणार, त्यांचा चोरीला गेला तर तक्रार कशाच्या जोरावर करायची? त्यामुळे सक्ती करताना मालकाला स्वतःचा फोन परत मिळवायची सोपी, फुकट आणि मराठीत समजेल अशी वाट करून दिली पाहिजे, नाहीतर लोक वैतागून लॉकच काढून टाकतील आणि मग वर सांगितलं तसं उघड्या फोनांचं प्रमाण वाढून चोराचंच भलं होईल.

आपल्याकडे आत्ता काय आहे ते बघू. कंपनीने असाच लॉक द्यावा असा कॅलिफोर्नियासारखा कायदा भारतात नाही. फोनमध्ये पॅनिक बटण २०१७ पासून आणि जीपीएस २०१८ पासून सक्तीचं केलं होतं, म्हणजे सक्ती करता येते हे सिद्ध आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात सरकारचं संचार साथी ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच घालून द्यायचा आदेश निघाला, त्यावर खाजगीपणावरून मोठा गदारोळ झाला आणि डिसेंबरच्या सुरुवातीलाच तो मागे घेतला. बऱ्याच लोकांना वाटतं तोच सक्तीचा लॉक होता, तसं नाही, ते तक्रार करायचं ॲप आहे, फोनला कुलूप घालत नाही. त्याच्या मागे सीईआयआर नावाचं रजिस्टर आहे, ते २०१९ मध्ये पहिल्यांदा आपल्या महाराष्ट्रातच चाचणीला सुरू झालं आणि मे २०२३ पासून देशभर आहे. तिथे आयएमईआय ब्लॉक केला की भारतातल्या कुठल्याच नेटवर्कवर तो फोन चालत नाही, आणि कोणी त्यात सिम घातलं तर माग पोलिसांकडे जातो. २०२५ च्या अखेरीस सरकारने सांगितलेले आकडे असे की ४२ लाखांहून जास्त फोन ब्लॉक, साधारण २६ लाखांचा माग लागला आणि मालकाच्या हातात परत गेले सात लाखांच्या थोडे वर. माग लागूनही परत न आलेल्यांची संख्या बघा, तिथे पोलीस ठाण्यातला माणूस आणि वेळ कमी पडतो, सिस्टीम नाही.

ब्लॉक आणि लॉक ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लागतात. नुसता ब्लॉक केलेला फोन वायफायवर चालतो, पोराला यूट्यूब बघायला कोणीतरी घेतोच. नुसता लॉक असलेला फोन बॉक्स जोडून उघडला तर सिमवर चालतो. दोन्ही असतील तर त्यात फक्त पार्ट उरतात.

आता दादा तुमच्यासाठी. सिम अजून बंद केलं नसेल तर हे वाचणं सोडून आधी कंपनीला फोन करून बंद करा, बँकेला सांगून यूपीआय थांबवा, पैसे गेले असतील तर १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच. मग दुसऱ्या फोनवरून गुगलच्या फाइंड हबमध्ये जाऊन फोन लॉक करा, तिथेच फोनच्या नावाशेजारी माहिती उघडलीत तर आयएमईआयही दिसतो, बॉक्स हरवला असला तरी चालतं. गाडीत गेलाय म्हणून तक्रार कुठे असा प्रश्न पडतो, तर हद्द कुठलीही असो, झीरो एफआयआर घ्यावीच लागते, शिवाय रेल्वेच्या १३९ हेल्पलाइनवर किंवा रेल मदत ॲपवर कळवा, २०२५ पासून आरपीएफही (रेल्वे सुरक्षा दल) सीईआयआरला जोडलेली आहे. त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम घ्या, पण ते चालू झाल्यावर पहिले २४ तास एसेमेस बंद असतात त्यामुळे ओटीपी आला नाही म्हणून घाबरू नका, दुसऱ्या दिवशी संचार साथीवर तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि बिल टाकून ब्लॉकची विनंती करा.

पुढचा फोन घ्याल तेव्हा जीमेल स्वतः बसून काढा, रिकव्हरी नंबर घरातल्या दुसऱ्या माणसाचा द्या, बिलाचा आणि आयएमईआयचा फोटो स्वतःलाच मेल करून ठेवा. अँड्रॉइड १० किंवा वरचा असेल तर सेटिंगमध्ये गुगलच्या भागात थेफ्ट प्रोटेक्शन आहे, त्यात हिसकावून पळाल्याची हालचाल ओळखून स्क्रीन लॉक करणारी आणि नेट बंद केल्यावर लॉक करणारी अशा सोयी आहेत, त्या हाताने चालू कराव्या लागतात. आयफोन असेल तर स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन बघा. आणि सेकंडहँड घेत असाल तर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय काढा, केवायएम लिहून स्पेस देऊन तो नंबर १४४२२ वर पाठवा, आणि विकणाऱ्यासमोरच रिसेट मारून जुना जीमेल मागतो का बघा, मागत असेल आणि त्याला पासवर्ड येत नसेल तर कितीही स्वस्त असू दे, घेऊ नका.

एक शेवटचं, कारण ह्यात लोक हमखास फसतात. काही दिवसांनी तुम्हाला मेसेज येईल की तुमचा फोन सापडलाय, लोकेशन बघायला ह्या लिंकवर लॉगिन करा, किंवा कोणी गोड बोलून सांगेल की अकाउंटमधून तो फोन काढून टाका म्हणजे परत पाठवता येईल. तो मेसेज चोराच्या बाजूचा असतो, तुमचा लॉक तुटत नाहीये म्हणूनच येतो. लिंक उघडू नका, अकाउंटमधून फोन काढू नका, मेसेज आलेला नंबर पोलिसांना द्या. आणि फोन खरंच परत मिळाला तर आधी पोलिसांकडे नोंद करून घ्या, मग सीईआयआरवर तुमचा रिक्वेस्ट आयडी टाकून अनब्लॉक करा, तो आयडी आत्ताच कुठेतरी लिहून ठेवा.